मूल पोलिसांच्या ताब्यात गेलं तर: पहिल्या फोनपासून मंडळाच्या आदेशापर्यंत

ठाण्यातून फोन आला की बहुतेक घरांत पहिली धावपळ होते ती ओळखीचा माणूस शोधण्याची. ती अर्ध्या तासाने झाली तरी चालेल. आधी कपाटातून मुलाचा जन्माचा दाखला काढा.

भारतात 18 वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचा आरोप असेल तर त्याला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 लागू होतो. हा कायदा 15 जानेवारी 2016 पासून अमलात आहे आणि 2021 मध्ये त्यात काही महत्त्वाचे बदल झाले. या कायद्यात 'आरोपी' हा शब्दच टाळला आहे. मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याला अटक होत नाही, ताब्यात घेतलं जातं. त्याच्यावर खटला नाही, चौकशी चालते. शब्द बदलून काय होतं, असं वाटेल. पण प्रत्येक शब्दामागे वेगळी पद्धत आहे आणि ती माहीत नसली की घरचे लोक मोठ्यांच्या कोर्टाचे डावपेच इथे वापरायला जातात. नुकसान तिथेच होतं.

पुढचं जवळजवळ सगळं दोन गोष्टींवर ठरतं: घटनेच्या दिवशी मुलाचं वय किती होतं, आणि आरोप कोणत्या वर्गातल्या गुन्ह्याचा आहे.

वय: कोणता कागद चालतो, कोणता नाही

धरलं जातं ते घटनेच्या दिवशीचं वय. पोलिसांनी पकडलं त्या दिवशीचं किंवा निकालाच्या दिवशीचं नाही. समजा, मुलाचा अठरावा वाढदिवस 12 जूनला आहे आणि मारामारी 8 जूनच्या रात्री झाली. पोलीस ऑगस्टमध्ये घरी आले तरी तो या कायद्याच्या दृष्टीने बालकच. चौकशी चालू असताना अठरा पूर्ण झाली तरी प्रकरण बाल न्याय मंडळापुढेच चालतं (अशा मुलांची प्रकरणं पाहणारं वेगळं मंडळ; पुढे नुसतं 'मंडळ').

वय ठरवण्याचा क्रम कलम 94 मध्ये दिला आहे:

1. शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला, किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचं प्रमाणपत्र.
2. हे नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला.
3. यातलं काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. मंडळाने आदेश दिल्यापासून ती 15 दिवसांत पूर्ण व्हायला हवी.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, आधार कार्ड या यादीत नाही. बरेच जण फक्त आधारची झेरॉक्स घेऊन पळतात. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजेच शाळेचा जन्मतारखेचा दाखला, असं आपण धरून चालतो. पण 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात म्हटलं की, शाळा बदलताना मिळणारा दाखला किंवा प्रवेश नोंदवहीचा उतारा म्हणजे कलम 94 ला अपेक्षित असलेला कागद नव्हे. त्यामुळे दहावी झालेली असेल तर बोर्डाचं प्रमाणपत्र न्या. नसेल तर मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचा, जन्मतारीख स्पष्ट लिहिलेला स्वतंत्र दाखला मागून घ्या आणि सोबत जन्म दाखलाही ठेवा.

शाळेतली आणि जन्म दाखल्यावरची तारीख वेगळी असणं आपल्याकडे काही नवीन नाही. पहिलीत प्रवेश मिळावा म्हणून तारीख पुढेमागे करण्याची सवय जुनी आहे. असा फरक असेल तर तो वकिलाला आधीच सांगा. लपवलेला फरक समोरच्या बाजूने काढला की मुलाच्या बाकी कागदांवरचाही विश्वास उडतो.

वयाचा मुद्दा पहिल्या दिवशी मांडायचा राहिला तरी तो गेला असं नाही. कलम 9 नुसार तो कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. पण तोवर मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात राहिलेला असतो.

खालच्या टोकाला दोन रेषा आहेत. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय होईल हे कळण्याइतकी समज मुलाला आलेली नव्हती असं दिसलं, तर तेही गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 20 आणि 21 मध्ये हे आहे.

गुन्ह्याचा वर्ग: कमाल शिक्षा पाहू नका, किमान पाहा

कायद्यात तीन वर्ग आहेत. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. तीन ते सात वर्षं असेल तर गंभीर. किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त असेल तर निर्घृण.

मग कमाल शिक्षा दहा वर्षं, पण किमान काहीच सांगितलेली नाही, असा गुन्हा कुठे बसवायचा? हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गुन्हे निर्घृण धरता येणार नाहीत असं सांगितलं आणि 2021 च्या दुरुस्तीने ते 'गंभीर'मध्ये टाकले. म्हणून साधी चोरी किरकोळ, घरात शिरून केलेली चोरी गंभीर, खुनाचा प्रयत्न ऐकायला भयंकर वाटला तरी गंभीर, आणि खून किंवा बलात्कार निर्घृण.

मे 2024 मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाने चालवलेल्या कारच्या अपघातानंतर, त्याला लिहायला सांगितलेल्या 300 शब्दांच्या निबंधावर देशभर संताप उसळला. निबंध ही त्या मुलाच्या जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. हा फरक त्या गदारोळात हरवला. पुढे त्याला सज्ञान धरून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी 2025 मध्ये मंडळाने फेटाळली. त्या वादाच्या मुळाशी हाच किमान शिक्षेचा हिशेब होता: सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा नाही.

घरच्यांना सर्वात अनपेक्षित धक्का बसतो तो पोक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी राजीखुशीने एकत्र आले आणि मुलीच्या घरून तक्रार झाली, तर अठराखालच्या मुलीची संमती कायदा मोजत नाही. शरीरसंबंधाचा आरोप असेल तर किमान शिक्षा दहा वर्षं, म्हणजे वर्ग थेट निर्घृण. 'प्रेमप्रकरण आहे, मिटेल' असं म्हणून अशा प्रकरणात वकिलाशिवाय एकही तारीख जाऊ देऊ नका.

पहिले चोवीस तास

ठाण्यात पोचल्यावर 'बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण?' हे विचारा. प्रत्येक ठाण्यात असा नेमलेला अधिकारी असायला हवा आणि जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. मूल त्यांच्याकडेच सोपवायचं असतं. नाव, हुद्दा आणि तुम्ही पोचलात ती वेळ एका कागदावर लिहा. पुढे चोवीस तासांचा हिशेब करताना हाच कागद कामाला येतो.

पोलिसांना काय करता येत नाही, हे तिथेच माहीत असलेलं बरं. मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेडी घालता येत नाही. कबुली द्यायला भाग पाडता येत नाही. कोणत्याही जबाबावर मुलाची सही घेता येत नाही. ही सहीची गोष्ट मुलालाही सांगा, कारण 'इथे सही कर, लगेच सोडतो' हे वाक्य त्याच्या कानावर पडण्याची शक्यता बरीच असते. चौकशी करताना आईवडील सोबत बसू शकतात. मुलाशी वागणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत असावा, असंही नियम सांगतात.

2016 च्या आदर्श नियमांत आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी लोकांना ठाऊक असते. निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, किंवा असा गुन्हा मोठ्यांच्या साथीने केल्याचा आरोप असेल, तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी प्रकरणांत स्टेशन डायरीत नोंद करून, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडून, कागद मंडळाकडे पाठवायचे. अशा प्रकरणांत मुलाला ताब्यात घेण्याचीही सहसा गरज नसते; आईवडिलांना तारीख कळवून मुलाला मंडळापुढे आणायला सांगता येतं. प्रत्यक्षात किरकोळ प्रकरणांतही एफआयआर झालेले दिसतात. ठाण्यात त्यावरून वाद घालत बसू नका. वकिलाला सांगा, तो मुद्दा मंडळापुढे मांडायचा.

ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. त्या दिवशी मंडळ बसत नसेल तर एका सदस्यापुढे हजर करता येतं, त्यामुळे 'मंडळ सोमवारी आहे' हे रविवारभर मूल ठाण्यात ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. मारहाण झाली असेल तर त्याच हजेरीत सांगा, वळ आणि सूज दाखवा आणि वैद्यकीय तपासणी मागा. आठ दिवसांनी सांगितलेल्या वळाला पुरावा उरत नाही.

वकील परवडत नसेल तर 15100 या क्रमांकावर विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळते. मुलांना ती घरच्या उत्पन्नाची अट न लावता मिळते. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनही चोवीस तास चालू असते.

सोबत एक पिशवी तयार ठेवा: वयाचे मूळ कागद आणि तीन-तीन झेरॉक्स, रेशन कार्ड, पालकांची ओळखपत्रं, शाळा-कॉलेजचं बोनाफाईड, शेवटची गुणपत्रिका, मुलाचे फोटो आणि आजार किंवा मानसोपचार चालू असतील तर ती फाईल. नियमित गोळ्या असतील तर त्या चिठ्ठीसह अधिकाऱ्याच्या हातात द्या.

मंडळापुढे

मंडळात तिघे असतात: एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक महिला. आरोपीचा पिंजरा नसतो. उंच चौथऱ्यावर बसलेलं कोणी नसतं. टेबलाच्या पलीकडे तिघे, अलीकडे मूल आणि पालक. प्रश्न कधीकधी गुन्ह्याबद्दल नसतातच. शाळेत शेवटचा कधी गेलास, रात्री कुठे झोपतोस, घरात दारू कोण पितं? पालक इथे हमखास एक चूक करतात: प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मुलाऐवजी स्वतः देतात. मुलाला बोलू द्या. त्याने अडखळत दिलेलं उत्तर तुमच्या गुळगुळीत उत्तरापेक्षा जास्त मोलाचं असतं.

जामिनाचं गणित इथे उलटं आहे. मोठ्यांच्या अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळवावा लागतो. इथे कलम 12 नुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीन द्यायचा हाच नियम आहे. नाकारायला तीनच कारणं आहेत: सुटल्यावर मूल सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा सोडल्याने न्यायाचा हेतूच हरेल. कारणं लेखी नोंदवावी लागतात. जामीनदाराशिवायही सोडता येतं.

म्हणून जामिनाच्या अर्जात 'गुन्हा केलाच नाही' यावर पानं खर्च करण्यापेक्षा या तीन कारणांना उत्तर द्या. संगतीची भीती असेल तर मुलाला सहा महिने नाशिकच्या मामाकडे ठेवायची तयारी आहे, मामा स्वतः हमीपत्र द्यायला आले आहेत, तिथल्या शाळेत प्रवेशाचं बोलणं झालं आहे, असं सांगता आलं की मंडळाच्या हातात धरायला काहीतरी येतं. वस्तीतल्या भांडणातून जिवाला धोका असेल तर तो लपवू नका. त्यापासून कसं वाचवणार ते सांगा.

जामीन झाला, पण अटी सात दिवसांत पूर्ण होत नसतील, उदाहरणार्थ जामीनदारच मिळत नसेल, तर मुलाला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलून घेता येतात. ही तरतूद कायद्यातच आहे. तरीही मुलं केवळ जामीनदाराअभावी आत राहतात, कारण हा अर्ज कोणी करत नाही.

जामीन नाकारला तर मूल निरीक्षणगृहात जातं. लोक अजूनही त्याला रिमांड होमच म्हणतात, आणि मुंबईत तर नुसतं 'डोंगरीला' म्हटलं तरी कळतं. तिथे भेटीला जाताना शाळेची पुस्तकं न्या. परीक्षा जवळ असेल तर तिला बसू द्यावं म्हणून मंडळाकडे लेखी अर्ज करा.

सामाजिक तपास अहवाल

सगळ्या प्रक्रियेत ज्या कागदाकडे घरचे सर्वात कमी लक्ष देतात, तो हा. परिवीक्षा अधिकाऱ्याने (प्रोबेशन ऑफिसर) दोन आठवड्यांत तो मंडळाला द्यायचा असतो. तो घरी येतो, शेजाऱ्यांशी बोलतो, शाळेत जातो. मूल कुणाबरोबर असतं, व्यसन आहे का, घरात मारहाण आहे का, कमावतं कोण, अभ्यास कुठे सुटला, हे सगळं त्यात येतं. शेवटी काय करावं याची शिफारसही असते, आणि मंडळाचा आदेश बहुतेक वेळा तिच्या आसपास फिरतो.

तो येणार म्हणून घर आवरून, मुलाला इस्त्रीचा सदरा घालून बसवू नका. वडील दारू पितात हे शेजारी सांगणारच आहेत. तुम्ही 'घरात सगळं ठीक आहे' म्हणालात तर अहवालात दोन ओळी जातात: अडचण आहे, आणि घरचे ती मान्य करत नाहीत. त्यापेक्षा अडचण सांगा आणि काय सुरू केलंय ते दाखवा. व्यसनमुक्ती केंद्रातल्या नोंदणीची पावती, समुपदेशकाच्या पुढच्या भेटीची तारीख, आयटीआय प्रवेशाचा अर्ज. मूल कोणा मोठ्या माणसाच्या सांगण्यावरून हे करत होतं असं असेल तर ते इथे आणि वकिलाला, दोन्हीकडे सांगा. मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्याला कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे, आणि त्यामुळे मुलाकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

चौकशी किती दिवस

पहिल्या हजेरीपासून चार महिने, फार तर आणखी दोन. किरकोळ प्रकरण एवढ्यातही संपलं नाही तर चौकशी बंद होते. गंभीर आणि निर्घृण प्रकरणांत मुदतवाढ मिळू शकते. तारखांचा हिशेब घरच्या कॅलेंडरवर स्वतः ठेवा. तारीख चुकवू नका. 'लहान मुलाची केस, काय होतंय' म्हणून गैरहजर राहिलेली मुलं पुढच्या वेळी जामिनाची सवलत घालवून बसतात.

लवकर सुटायचं म्हणून न केलेलं कबूल करण्याचा सल्ला कॉरिडॉरमध्ये फुकट मिळतो. तो घेऊ नका.

सोळा ते अठरा आणि निर्घृण गुन्हा

घटनेच्या दिवशी सोळा पूर्ण आणि आरोप निर्घृण, तरच हा टप्पा येतो. मंडळ कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन करतं: असा गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता मुलात होती का, परिणाम कळत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत ते घडलं. मुदत तीन महिने. पण ती ओलांडली म्हणून मूल्यांकन आपोआप रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये सांगितलं. गुन्हा केला की नाही हे इथे ठरवायचं नसतं. मंडळात मानसशास्त्राचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यायलाच हवी, असं न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे वकिलाने पहिल्याच तारखेला विचारायचं: तपासणी कोणी केली, किती वेळा भेटले, कोणत्या चाचण्या घेतल्या, अहवालाची प्रत कुठे आहे? नुसती बुद्ध्यांकाची चाचणी घेऊन परिणामांची समज मोजता येत नाही.

मंडळाने प्रकरण बाल न्यायालयाकडे (हे मंडळाहून वेगळं, सत्र न्यायालयाच्या पातळीचं) पाठवलं तरी तिथेही पुन्हा विचार होतो की, सज्ञान धरून खटला चालवायची गरज आहे का. दोषी ठरला तरी एकविसाव्या वर्षापर्यंत मुलाला तुरुंगात नाही, 'सुरक्षित स्थानी' (अशा मुलांसाठीच्या वेगळ्या जागी) ठेवतात. एकवीस झाल्यावर त्याच्यातल्या सुधारणेचं मूल्यमापन होतं आणि मग सुटका किंवा उरलेल्या शिक्षेसाठी तुरुंग. फाशी देता येत नाही. सुटकेची शक्यताच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही.

आदेश काय येऊ शकतो

प्रकरण मंडळाकडेच राहिलं तर: समज देऊन घरी सोडणं, समुपदेशन, समाजसेवा, दंड, पालकांच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिवीक्षा (देखरेखीखाली घरी राहणं), किंवा विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या गृहात) जास्तीत जास्त तीन वर्षं. सोबत शाळेत जा, व्यसनमुक्ती केंद्रात जा, अमुक ठिकाणी फिरकू नको, अशा अटी जोडता येतात. आदेश पटला नाही तर 30 दिवसांत अपील. प्रत मिळायला वेळ लागतो, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.

गाडीचं प्रकरण असेल तर पालकांनी आपलंही पाहावं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. 'मला न विचारता चावी घेतली' हे पालकाला सिद्ध करावं लागतं. न्यायालय आधी उलटंच गृहीत धरतं.

नंतर

मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा छापणं किंवा पसरवणं कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन तक्रार द्या. पण त्याच ग्रुपवर आपल्या मुलाची बाजू मांडायला जाऊ नका. ओळख उघड करणारे मग तुम्हीच ठरता.

कलम 24 नुसार इथे दोषी ठरल्याने नोकरी किंवा इतर कशासाठी अपात्रता येत नाही आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सज्ञान म्हणून खटला चाललेल्या निर्घृण प्रकरणांचा. प्रकरण निकाली निघालं असेल तर चारित्र्य पडताळणीतही पोलिसांनी ते सांगायचं नाही. मात्र नोंदी आपोआप गेल्या असं समजू नका. अपिलाची मुदत संपल्यावर मंडळाकडे त्यासाठी अर्ज द्या, आदेशाची प्रत संबंधित ठाण्यात देऊन पोच घ्या आणि ती पोच दहावीच्या प्रमाणपत्राच्याच फाईलला लावून ठेवा. पोलीस भरतीचा किंवा पासपोर्टचा अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा ती शोधावी लागू नये.